ग्रेट कॉक्सवेलचं बार्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये फिरायला आलेली मराठी मंडळी ऑक्सफर्ड, बाथ, स्टोनहेंज हमखास बघतात. ज्यांना जुन्या वास्तू मनापासून आवडतात, त्यांना मी या यादीत ग्रेट कॉक्सवेलचं नाव घालायला सांगते. मग फोनवर, भेटीत, परत आल्यावरही प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हे नेमकं आहे काय आणि कुठे?

शेतावरचं दगडी कोठार. कापणी झाली की गव्हाच्या, जवाच्या पेंढ्या गाड्यांतून आणून इथे रचायच्या आणि हिवाळाभर थोडी थोडी मळणी करायची, यासाठी ख्रिस्ती मठाच्या साधूंनी बांधलेलं. इंग्लंडमध्ये अशा इमारतीला बार्न म्हणतात. ग्रेट कॉक्सवेल हे फॅरिंग्डन या बाजारगावापासून दोनेक मैलांवरचं लहानसं खेडं. आज ते ऑक्सफर्डशायरमध्ये येतं, 1974 पूर्वी बर्कशायरमध्ये होतं. बार्न सुमारे 152 फूट लांब, 44 फूट रुंद आणि 48 फूट उंच आहे. मालकी नॅशनल ट्रस्टची, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेची. सरकारी वारसा यादीत त्याला ग्रेड वन, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा आहे. हा दर्जा एरवी कॅथेड्रलना आणि राजवाड्यांना मिळतो.

साधूंना एवढं मोठं कोठार कशाला लागत होतं?

कारण ते साधू मोठे शेतकरी होते. 1203 मध्ये किंग जॉनने फॅरिंग्डनची जहागीर सिस्टर्शियन पंथाच्या साधूंना दिली. पुढच्याच वर्षी मुख्य मठ दूर दक्षिणेला, हॅम्पशायरच्या न्यू फॉरेस्टमध्ये ब्यूली इथे हलला. फॅरिंग्डन आणि आसपासची जमीन मात्र मठाकडेच राहिली. या पंथात अंगमेहनतीला मान होता. मठापासून लांबच्या जमिनींवर ते शेतवाड्या वसवत. तिथे दीक्षा घेतलेले पण पूर्ण साधू नसलेले श्रमबंधू राहत आणि मजुरांना हाताशी धरून शेती करत. प्रत्येक शेतवाडीवर एक कारभारी असे आणि पिकाचा हिशेब त्याला मठाला द्यावा लागे. ब्यूली मठाचं 1269-70 सालचं हिशेबाचं पुस्तक आजही टिकून आहे. धान्य, लोकर, चामडं, ब्रू केलेली बिअर, सगळ्याची त्यात नोंद आहे. ते चाळलं की एवढं मोठं बार्न हौस म्हणून बांधलेलं नाही हे लगेच पटतं.

सगळे याला टाइद बार्न म्हणतात. ते बरोबर आहे का?

नाही. पाट्यांवर आणि जुन्या पुस्तकांत तसं आढळतं, तरीही नाही. टाइद म्हणजे चर्चला द्यायचा पिकाचा दहावा हिस्सा. गावोगावचा हा हिस्सा जिथे जमा होई ते टाइद बार्न. कॉक्सवेलच्या बार्नमध्ये मठाच्या स्वतःच्या शेतातलं पीक येत होतं. ते वसुलीचं कोठार नव्हतं. मोठं जुनं बार्न दिसलं की त्याला सरसकट टाइद बार्न म्हणायची इंग्लंडमध्ये सवयच झाली आहे. दशांशाची पद्धत पुढे बरीच शतकं चालली आणि 1836 च्या कायद्याने धान्याऐवजी रोख रक्कम ठरवून दिली गेली.

बांधलं कधी? पुरावा काय?

1292 च्या सुमारास. हे लाकडाने सांगितलं. ओकचं झाड दरवर्षी एक वलय धरतं. पावसाचं वर्ष असेल तर रुंद, दुष्काळाचं असेल तर अरुंद. तुळईतून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढायची, वलयं मोजायची आणि आधीच तयार असलेल्या शतकानुशतकांच्या तक्त्याशी ताडून बघायची. सालीजवळचं शेवटचं वलय मिळालं तर झाड कोणत्या हिवाळ्यात तोडलं इथपर्यंत कळतं. त्या काळी लाकूड सुकवत ठेवायची पद्धत नव्हती, ओलंच वापरत. त्यामुळे झाड तोडल्याचं साल आणि बांधणीचं साल जवळपास एकच येतं. या चाचणीआधी अभ्यासक बार्न बरंच जुनं, तेराव्या शतकाच्या मध्याचं किंवा त्याही आधीचं मानत. जुन्या पुस्तकांत तशी सालं दिसली तर गोंधळून जाऊ नका.

आत लाकडी खांबांच्या दोन रांगा आहेत. जागा मोकळी का ठेवली नाही?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून उत्तर जरा लांबवते.

भिंतीपासून भिंतीपर्यंत 44 फूट. एवढ्या पल्ल्याची एकसंध तुळई ओकमधून काढणं फार अवघड. मिळाली तरी स्वतःच्याच वजनाने मधोमध लवणार. वर दगडी पाट्यांचं छप्पर, म्हणजे कित्येक टन ओझं. यावर सुतारांनी उपाय काढला तो असा: रुंदीचे तीन भाग करायचे. मधला रुंद आणि उंच, दोन्ही बाजूंना अरुंद पडव्या. मधल्या भागाच्या कडेला खांब उभे केले की तुळईला फक्त मधलंच अंतर पार करावं लागतं. खांबांच्या सहा जोड्या आहेत. त्यांनी लांबीचे सात खण पडले. आपल्याकडे वाडा खणांत मोजतात, तसंच बार्नही इंग्लंडमध्ये खणांत मोजतात.

आता ओझं कसं उतरतं ते नजरेने वरून खाली बघा. पाट्यांचं वजन रिपांवर, रिपांचं वाशांवर. वासे लांबीच्या दिशेने गेलेल्या आडव्या तुळयांवर टेकलेले आणि त्या तुळया खांबांच्या माथ्यावर. वासे नुसतं खाली दाबत नाहीत, ते बाहेरच्या बाजूलाही रेटतात. हा रेटा धरायला समोरासमोरच्या दोन खांबांना आडवी तुळई बांधते. खांबापासून वर तुळईकडे गेलेले तिरपे टेकू पाहिलेत? ते तुळईचा पल्ला आणखी कमी करतात आणि वाऱ्याने चौकट डुलू देत नाहीत. म्हणजे छपराचा मोठा भार लाकडी सांगाड्यावरच आहे. दगडी भिंतींवर पडव्यांकडचा हिस्सा येतो, आणि तो रेटा थोपवायला भिंतींना बाहेरून दगडी धिरे दिले आहेत.

यातही एक खुबी आहे. दर दोन खणांच्या मध्ये खांबांची जोडी दिली, पण दोन जोड्यांच्या मध्येही तुळयांना आधार हवा होता. तिथे आणखी खांब उभे केले असते तर गाड्या वळवायला आणि पेंढ्या रचायला अडचण झाली असती. म्हणून मधल्या जागी बाजूच्या भिंतींतूनच वाकड्या ओकचे मोठे बाहू वर काढले आणि पडवीच्या डोक्यावरून नेऊन तुळयांना भिडवले. जमिनीवर एक इंच जागा न अडवता आधार मिळाला. असा बाहू सरळ लाकूड कापून होत नाही, तंतू तुटतात. मुळातच तसं वाढलेलं झाड रानात हेरावं लागतं. उभ्या झाडात ही तुळई ज्याला दिसली, त्या सुताराचं नाव कुठेच नोंदलेलं नाही याची मला फार हळहळ वाटते.

खांबांखालचे दगड माणसाहून उंच कशासाठी?

हे तळखडे साधारण 7 फूट उंच आहेत. खांब जमिनीत किंवा जमिनीलगत असता तर ओल धरून बुंध्याशी कुजला असता. भरलेल्या गाडीचं चाक किंवा आस आपटून लाकूड दुखावण्याची भीतीही होती. तिसरा फायदा पैशांचा: खालचे 7 फूट दगडाचे केले की तेवढं लांब आणि जाड ओक शोधावं लागत नाही. दगड इथे पायाखालीच होता, मोठं ओक मात्र दुर्मीळ. सातशेहून जास्त वर्षांनंतर खांब अजून उभे आहेत यात या तळखड्यांचा वाटा मोठा आहे.

खिळे मारलेत का?

सांगाड्यात नाही. एका लाकडाला कुसू, दुसऱ्याला खाच, दोन्ही बसवून आरपार भोक आणि त्यात ओकची खुंटी. ओलं लाकूड सुकताना आकसतं आणि सांधा आणखी घट्ट होतो. अशी चौकट आधी जमिनीवर आडवी मांडून, सांधे बसवून बघत. मग सुटी करून, जागेवर नेऊन उभी करत. कोणता टेकू कोणत्या खांबाचा हे चुकू नये म्हणून सांध्याजवळ छिन्नीने आकड्यांच्या खुणा कोरण्याची सुतारांची रीत होती. इंग्लंडमधल्या पुष्कळ जुन्या बार्नमध्ये त्या आजही दिसतात.

भिंतींत चौकोनी भोकं आहेत. ती बाण मारायला का?

किल्ले पाहिलेल्या माणसाला जंग्याच आठवणार! पण ही परांचीची भोकं. भिंत चढवताना गवंड्यांनी त्यांत आडवी लाकडं खोचून परांची बांधली, काम संपल्यावर लाकडं काढली. भोकं बुजवली नाहीत कारण वारा खेळायला त्यांचा उपयोग होता. दमट पेंढ्या दाबून रचल्या की ढीग आतून तापतो, बुरशी धरतो आणि फारच वाईट वेळ आली तर पेटतोही. हवा खेळती राहणं ही बार्नची गरज होती. काही बार्नमध्ये गव्हाणी घुबडासाठी टोकाच्या भिंतीच्या वरच्या त्रिकोणात मुद्दाम झरोका ठेवत. घुबड आत आलं की उंदरांचा बंदोबस्त आपोआप.

छपरावर कौलं आहेत का?

मातीची नाहीत. कॉट्सवोल्ड भागातला चुनखडीचा दगड पातळ फाकतो, त्याच्या पाट्या आहेत. रिपांना अडकवून टांगलेल्या. वळचणीला सगळ्यात मोठ्या, वर जाताना लहान, आढ्याजवळ तळहाताएवढ्या. सगळ्यात जास्त पाणी छपराच्या खालच्या भागावरून वाहतं, तिथे सांधे कमी असलेले बरे. शिवाय जड पाट्या भिंतीजवळ राहतात. लांबून छप्पर इतकं शांत दिसतं त्याचं कारण ही उतरती मापं.

दोन मोठी दारं समोरासमोर का?

बार्नच्या लांब बाजूंना, पूर्वेला आणि पश्चिमेला, बाहेर आलेल्या दोन देवड्या आहेत. मूळ मोठी दारं त्यांतली. दोन दारांमधला खण म्हणजे बार्नचं खळं. शेतातून भरून आलेली गाडी थेट आत येई, डाव्या-उजव्या खणांत पेंढ्या रचल्या जात. इंग्लंडमध्ये कापणीच्या दिवसांत पाऊस कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळे उघड्यावर मळणीची सोय नाही. पीक आधी छपराखाली, मळणी मागाहून.

मळणी चाले नोव्हेंबरपासून पुढे, शेतात काम नसताना. बैलांची पात नाही, माणसांचे हात. ॲशच्या लाकडाचा लांब दांडा, टोकाला चामड्याच्या वादीने बांधलेला होली किंवा ब्लॅकथॉर्नचा आखूड दंडुका. दोन मजूर समोरासमोर उभे राहून आळीपाळीने झोडपत. दंडुका कणसांवर सपाट पडला पाहिजे, टोकाने पडला तर दाणा फुटतो. मग उफणणी. दोन्ही दारं उघडली की वारा आरपार वाहतो, त्यात दाणे उधळायचे. भुसा उडून बाजूला, दाणा खाली. दारांची जागा आणि आकार या वाऱ्यावरून ठरले आहेत. देवडीचा दुसरा फायदा असा की पावसाची झड खळ्यापर्यंत येत नाही.

दोन्ही टोकांच्या भिंतींतली मोठी दारं मात्र मूळची नव्हेत. ती 18 व्या शतकात भिंत फोडून केलेली. बरेच पाहुणे त्याच दारांचे फोटो घेऊन परततात आणि देवड्यांकडे बघतही नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

मळलेलं धान्य इथेच ठेवत?

साधारणपणे नाही. सुटा दाणा वेगळ्या, लहान, बंदिस्त धान्यघरात जाई. पुढच्या काळात अशी धान्यघरं छत्रीच्या आकाराच्या दगडांवर उचलून बांधू लागले. उंदीर दगडावर चढला तरी वरच्या गोल टोपीची कड त्याला ओलांडता येत नाही. हे छत्रीदगड आता इंग्लंडभर लोकांच्या बागांत शोभेला मांडलेले दिसतात.

मठ गेल्यावर बार्नचं काय झालं?

आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले. ब्यूली 1538 मध्ये संपला. मठाची चर्च पाडून लोकांनी दगड नेले. बार्न वाचलं, कारण नव्या मालकालाही पीक ठेवायला जागा हवीच होती. ब्यूलीजवळ सेंट लेनर्ड्स इथे याच मठाचं आणखी मोठं बार्न होतं, त्याचे आता अवशेषच उरले आहेत.

बार्नमधलं काम खरं बदललं ते यंत्रांमुळे. अँड्र्यू मीकल याने 1786 च्या सुमारास मळणीयंत्र बनवलं. हळूहळू मजुरांचं हिवाळ्यातलं काम गेलं आणि घरात चूल पेटेना. 1830 मध्ये दक्षिण इंग्लंडभर मजुरांनी मळणीयंत्रं फोडली. ही दंगल ‘कॅप्टन स्विंग’ या काल्पनिक म्होरक्याच्या नावाने ओळखली जाते आणि ती बर्कशायरमध्येही पोचली होती. पुढच्या खटल्यांत काहींना फाशी झाली, शेकडो जणांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं गेलं. बार्नच्या देखणेपणाबद्दल बोलताना त्यात दंडुका फिरवणाऱ्यांची ही कहाणी गाळू नये असं मला वाटतं.

20 व्या शतकात हे बार्न अर्नेस्ट कुक यांच्याकडे आलं. पर्यटन कंपनी काढणाऱ्या थॉमस कुक यांचे ते नातू. त्यांच्यामागे, 1956 मध्ये, ते नॅशनल ट्रस्टकडे गेलं.

विल्यम मॉरिस यांचा संबंध काय?

कारागिरीचा पुरस्कार करणारे हे लेखक आणि रचनाकार 1871 पासून जवळच केल्म्स्कॉटला राहत. ते पाहुण्यांना हौसेने हे बार्न दाखवायला आणत आणि कॅथेड्रलच्या तोडीचं मानत. मला त्यांचं म्हणणं पटतं. सिस्टर्शियन पंथाला नक्षीकाम वर्ज्य. इथे एकही कोरीव फूल नाही, एकही मुखवटा नाही. जे दिसतं ते सगळं कामाचं आहे आणि त्याची मापं अचूक आहेत. मॉरिस यांनी 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. इमारत ‘पूर्वीसारखी’ करायच्या नादात जुनं खरवडून टाकू नका, वेळेवर साधी डागडुजी करा, हा तिचा आग्रह. इंग्लंडमध्ये आज चांगली दुरुस्ती याच वाटेने होते: कुजला तेवढाच भाग कापायचा, तिथे नवं ओक जोडायचं आणि जोड लपवायचा नाही.

जुनी बार्न विकत घेऊन लोक घरं करतात. ते चालतं?

होतं पुष्कळ ठिकाणी. 2014 पासून शेतीच्या इमारतींचं घर करायला काही अटींवर पूर्ण बांधकाम परवाना लागत नाही. वारसा यादीतल्या इमारतींना ही सवलत नाही. तिथे प्रत्येक बदलाला वेगळी परवानगी. छपरात वटवाघळं असतील तर त्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे दुरुस्तीची वेळसुद्धा त्यांच्या सोयीने ठरते.

माझं मत विचाराल तर ओसाड पडून कोसळण्यापेक्षा घर झालेलं बरं. पण बार्नचा जीव त्याच्या एकसंध अवकाशात आहे. मजले घातले, खोल्या पाडल्या, छपराला खिडक्या ठोकल्या की लाकूड शिल्लक राहतं आणि इमारत जाते. म्हणूनच कॉक्सवेल रिकामं ठेवलंय याचं मोल मोठं आहे.

लंडनमध्ये एकच दिवस हाताशी आहे. जवळ काही?

आहे, आणि तेही हीथ्रो विमानतळाला खेटून. हार्मंड्सवर्थ गावातलं बार्न 1426 च्या सुमाराचं, विंचेस्टर कॉलेजने बांधलेलं. लांबी सुमारे 192 फूट, खण बारा. भिंती दगडी नाहीत, बाहेरून फळ्या मारलेल्या. 2011 च्या शेवटी ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेने ते विकत घेतलं, त्याआधी त्याची बरीच आबाळ झाली होती. विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीची टांगती तलवार गावावर कित्येक वर्षं आहे. ते ठरावीक दिवशीच उघडतं, त्यामुळे तारीख पाहूनच निघा. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांपैकी कितीतरी जण या बार्नपासून मैल-दोन मैलांवर उतरतात आणि त्यांना ते ठाऊकही नसतं.

कॉक्सवेलला कसं जायचं? सोबत काय घ्यावं?

गाडी असेल तर ऑक्सफर्ड-स्विंडन रस्त्यावरून, ए420 वरून, फॅरिंग्डन मागे टाकलं की गावाचा फाटा लागतो. बसने जायचं तर ऑक्सफर्ड-स्विंडन बस फॅरिंग्डनला थांबते, तिथून पायी तास धरा. आडवाटेने गेलात तर बूट चिखलाचे हवेत. उघडण्याच्या वेळा ट्रस्टच्या संकेतस्थळावर आधी बघून घ्या.

आत उजेड कमी असतो, म्हणून टॉर्च न्या. शक्य असेल तर छोटी दुर्बीणही, कारण चांगले सांधे सगळे डोक्यावर आहेत. आधी देवडीच्या दारातून आत येऊन खळ्यावर उभे राहा, मग टोकाला जाऊन लांबी बघा. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना खण मोजायला लावा. बहुतेक मुलं भिंतीतून निघालेले बाहू धरून दुप्पट मोजतात, आणि मग खांब कुठे आहे हे शोधायला स्वतःच परत धावतात.